खुशालीचा हिशेब कोणत्या वहीत?

जानेवारी 2024 मध्ये पुण्यात साखर कारखानदार आणि ऊसतोडणी मजुरांच्या संघटना यांच्यात तडजोड झाली. मध्यस्थ होते शरद पवार आणि पंकजा मुंडे. तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला, टनाला 273 रुपयांवरून 366 रुपयांवर गेला. मुकादमाचे कमिशनही एका टक्क्याने वाढून 20 टक्के झाले. त्या वेळी कृष्णा-वारणेच्या पट्ट्यात गाळप ऐन भरात होते, म्हणजे हंगामाचे अंदाजपत्रक केव्हाच मंजूर झालेले होते आणि त्यात तोडणी जुन्या दरानेच धरलेली होती.

पुढे कारखान्यांच्या वार्षिक सभा झाल्या आणि अहवालात नेहमीचे वाक्य आले, ‘तोडणी-वाहतूक खर्चात वाढ झाली.’ साखराळे, कुंडल, वांगी, रेठरे, शेंद्रे, कोणत्याही कारखान्याचा सभासद हे वाक्य वर्षानुवर्षे ऐकत आला आहे. वाढ झाली हे खरेच. पण किती वाढ दराची, किती कामाच्या संथपणाची, किती अंतराची आणि किती वाहने यार्डात ताटकळल्याची, हे त्या वाक्यात कुठेच नसते. सगळे एका आकड्यात कोंबलेले असते आणि तो आकडा थेट उसाच्या बिलातून कापला जातो.

ही कपात किती मोठी आहे? 2024-25 च्या हंगामासाठी केंद्र सरकारने 10.25 टक्के साखर उताऱ्याला टनामागे 3,400 रुपये एफआरपी (उसाची किमान रास्त किंमत) ठरवली आणि त्यापुढच्या प्रत्येक 0.1 टक्का उताऱ्याला टनामागे 33 रुपये 20 पैसे वाढवून दिले. एखाद्या कारखान्याचा उतारा साडेअकरा टक्के धरला, तर एफआरपी 3,815 रुपयांच्या घरात जाते. त्यातून तोडणी-वाहतुकीचे आठशे रुपये वजा झाले की शेतकऱ्याच्या खात्यावर तीन हजार येतात. पाचातला एक रुपया ऊस शेतातून गव्हाणीपर्यंत आणण्यात जातो. उत्तर प्रदेशात हा वाद या रूपात नाही. तिथे शेतकरी स्वतः ऊस तोडून आणून देतो आणि त्याचा खर्च त्याचा त्यालाच कळतो. महाराष्ट्रात टोळी कारखान्याची, वाहन कारखान्याच्या कराराचे, हिशेब कारखान्याचा आणि पैसे मात्र शेतकऱ्याचे. ज्याच्या पैशाने काम चालते त्याला खर्चाची फोड मागण्याचा हक्क असायला हवा, यात वादासारखे काही नाही.

ही फोड करण्याची रीत कॉस्टिंगमध्ये शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेत टेलर यांचे शास्त्रीय व्यवस्थापनावरचे पुस्तक 1911 साली आले आणि त्याच सुमारास चार्टर हॅरिसन यांनी प्रमाण खर्चाची पहिली पूर्ण पद्धत बसवली. इकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर कारखाना उभारला होता. सातारचा कूपर कारखाना 1922 चा. लोखंडी नांगरापासून पंप आणि डिझेल इंजिनापर्यंत गेलेल्या सांगली-सातारा या दोन जिल्ह्यांतल्या कारखानदारीला ‘एका नगाला किती तास’ हा प्रश्न काही नवा नाही. आज कुपवाड, पलूस किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत एखाद्या मशीन शॉपमध्ये गेले तर तिथला सुपरवायझर तो प्रश्न रोज विचारताना दिसेल.

रीत साधी आहे. समजा, अशा शॉपमध्ये एका कास्टिंगच्या मशीनिंगला दोन तास लागावेत आणि तासाला शंभर रुपये मजुरी पडावी, असे ठरलेले आहे. महिन्यात 500 नग निघाले. ठरल्याप्रमाणे 1,000 तास आणि एक लाख रुपये लागायला हवे होते. प्रत्यक्षात 1,100 तास लागले आणि सरासरी मजुरी तासाला 96 रुपये पडली. एकूण खर्च 1,05,600. मालकाला दिसते ती फक्त 5,600 रुपयांची वाढ. पण तिच्या पोटात दोन गोष्टी आहेत. मजूर स्वस्त मिळाले म्हणून 1,100 तासांवर चार-चार रुपये वाचले, ही दराची अनुकूल तफावत 4,400 रुपयांची. आणि शंभर तास जादा गेले, ही कार्यक्षमतेची प्रतिकूल तफावत 10,000 रुपयांची. दोन्हींची वजाबाकी 5,600. स्वस्त, नवखी माणसे घेतल्याने काम रेंगाळले, ही गोष्ट एकूण आकड्यात दडून बसली होती, ती फोड केल्यावर बाहेर आली. जादा गेलेल्या शंभर तासांतले साठ तास वीज नव्हती म्हणून गेले असतील, तर त्यांचा रिकाम्या वेळेचा रकाना आणखी वेगळा. तो ऑपरेटरच्या माथी मारायचा नसतो.

आता हीच रीत उसाच्या फडात न्यावी.

दराची तफावत तर पाटीवर लिहून दाखवता येईल इतकी सोपी आहे. जुना दर 273, त्यावर 19 टक्के कमिशन, टनाला सुमारे 325 रुपये. नवा दर 366, त्यावर 20 टक्के, सुमारे 439. फरक टनामागे 114 रुपयांचा. दहा लाख टन गाळणाऱ्या कारखान्याला हा बोजा 11 कोटी 43 लाखांचा होतो आणि एकरी 40 टन काढणाऱ्या शेतकऱ्याला एकरामागे साडेचार हजारांहून थोडा जास्त. ही वाढ शेतकी अधिकाऱ्याच्या ढिलाईमुळे झाली नाही आणि मुकादमाच्या चलाखीमुळेही नाही. राज्यपातळीवरच्या करारातून ती आली. कॉस्टिंगचा जाणकार म्हणेल की इथे प्रमाणच जुने झाले होते. आधी प्रमाण बदला आणि मग बदललेल्या प्रमाणाशी तुलना करून शेतकी खात्याला जाब विचारा. हे केले नाही तर दोन उलटेच परिणाम होतात. चांगले काम करणाऱ्या खात्यावर ठपका येतो, किंवा वाईट काम करणाऱ्याला ‘करारामुळे खर्च वाढला’ ही आयती ढाल मिळते. दुसरे जास्त वेळा होत असावे.

ही वाढ अवाजवी होती, असेही नाही. त्याआधीची दरवाढ ऑक्टोबर 2020 मधली, 14 टक्क्यांची. दरम्यान डिझेलपासून खाद्यतेलापर्यंत काय झाले ते सगळ्यांना माहीत आहे. मजूर संघटनांचा युक्तिवादही बिनतोड होता. हार्वेस्टरला त्याच तोडणीचे टनाला चारशेच्या वर मिळतात, मग हाताने तोडणाऱ्याला 273 का?

खरी गुंतागुंत कार्यक्षमतेच्या तफावतीत आहे. ऊसतोडणीची मजुरी टनावर आहे, तासावर नाही. त्यामुळे टोळीने एक टन चार तासांत तोडला काय किंवा सहा तासांत तोडला काय, कारखान्याच्या वहीत 366 रुपयेच पडतात. कार्यक्षमतेची तफावत कायम शून्य. कागदावर इतकी आदर्श मजूर व्यवस्था दुसरीकडे मिळणे कठीण.

पण वेळ तर जातोच. नवरा-बायकोचा एक कोयता उभ्या, सरळ उसात दिवसाला दोन टन तोडतो असे धरू. नव्या दराने त्यांना 732 रुपये मिळतात, माणशी 366. हेच जोडपे लोळलेल्या उसात दिवसभर राबून दीड टनावर अडकते. मिळकत 549 रुपये, माणशी पावणेतीनशे. कारखाना जर दिवसाच्या हिशेबाने मजुरी देत असता, तर त्या फडात टनाची मजुरी 366 वरून 488 वर गेली असती. टनामागचे हे 122 रुपये म्हणजे कार्यक्षमतेची प्रतिकूल तफावत. ती नाहीशी झालेली नाही. कारखान्याच्या वहीतून निघून ती मजुराच्या कोपीतल्या चुलीवर गेली आहे.

आणि सगळीच तिथे राहत नाही. टोळीचा माणूस फडाकडे एक नजर टाकतो आणि शेतकऱ्याला सांगतो, ऊस पडलाय, आमचा रोज निघत नाही, खुशाली द्यावी लागेल, म्हणजे दराच्या वर रोख पैसे. चालक खेपेमागे ‘एंट्री’चे पैसे मागतो. वाळवा, पलूस, कडेगाव, कराड या तालुक्यांत ज्याचा ऊस कारखान्याला जातो त्याला हे शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. साखर आयुक्तालयाने अशा मागण्यांविरुद्ध परिपत्रके काढली आहेत, तक्रार करण्याचे आवाहन केले आहे. तरी खुशाली थांबत नाही, कारण ऊस वाळत असतो, पुढच्या पिकाची घाई असते आणि तोडणीचा नंबर गेला तर पुन्हा कधी येईल याची खात्री नसते.

खुशालीला सरसकट लूट म्हणणे सोपे आहे. काही ठिकाणी ती लूटच आहे, सरळ उसाच्या फडात मागितलेली खुशाली दुसरे काय असणार? पण बऱ्याच ठिकाणी ती वहीत न लिहिलेली कार्यक्षमतेची तफावत आहे. एकाच दराने सोपा फड आणि अवघड फड तोडायला लावला की अवघड फडाची किंमत कुठून तरी बाहेर पडणारच. ती पावतीवर येत नाही म्हणून हातावर येते. आणि हातावर आली की तिला मर्यादा राहत नाही. ज्याची गरज मोठी त्याच्याकडून जास्त, ज्याचा वशिला मोठा त्याच्याकडून काहीच नाही.

सांगली-साताऱ्यात अवघड फड हा अपवाद राहिलेला नाही. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या महापुरांत कृष्णाकाठचा हजारो एकर ऊस दिवसेंदिवस पाण्याखाली होता. त्या हंगामांत तोडायला मिळाला तो वाकलेला, गाळाने माखलेला, पांगशा फुटलेला ऊस. त्यात कोयता फिरवायला वेळ लागतो, मोळी नीट बांधता येत नाही. नदीपासून दूर, माळावरच्या ठिबकवरच्या उभ्या उसाला जो दर, तोच याही उसाला.

राज्यभरचे उदाहरण 2021-22 च्या हंगामाचे. त्या वर्षी महाराष्ट्रात सुमारे 137 लाख टन साखर झाली आणि काही भागांत गाळप जूनपर्यंत लांबले. सरकारने 1 मेनंतरच्या उसासाठी 50 किलोमीटरपुढच्या वाहतुकीला टनामागे किलोमीटरला 5 रुपये आणि उतारा घटल्याबद्दल टनाला 200 रुपये अनुदान जाहीर केले. वाहतुकीला रकाना होता, उताऱ्याला रकाना होता. मे महिन्याच्या उन्हात निम्म्यावर आलेल्या हातांसाठी रकाना नव्हता. मग टोळ्या गावाकडे परतू लागल्या, राहिलेल्यांचा भाव वाढला आणि कित्येक शेतकऱ्यांनी तोड लवकर मिळावी म्हणून फडच पेटवून दिले.

रिकाम्या वेळेचेही तसेच. गव्हाणीत बिघाड झाला, वाहनांची रांग यार्डाबाहेर रस्त्यावर आली, की फडात वाहन येत नाही. टोळी तोडलेल्या मोळ्यांजवळ बसून राहते. मशीन शॉपमधल्या ऑपरेटरला वीज गेली तरी त्या तासाचे पैसे मिळतात, कारण तो खोळंबा मालकाचा मानला जातो. टोळीला त्याचे काहीच मिळत नाही. उलट मजूर आजारी पडला, बाईचे दुखणे निघाले तर मुकादमाकडे ‘खाडा’ लागतो आणि उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांच्या, हिशेबात वळता होतो. खोळंबा कारखान्याचा असेल तर तो फुकट, मजुराचा असेल तर दंड, असा हा हिशेब. खाड्याच्या धास्तीचा बायकांच्या शरीरावर काय परिणाम होतो, हे 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय शस्त्रक्रियांच्या बातम्यांनी दाखवून दिले. त्याची चौकशी करायला सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. बीड, जत, आटपाडी, माण इथून येणाऱ्या या मजुरांच्या बाबतीत कॉस्टिंग हा कोरडा विषय नाही.

उचलीचा मुद्दा इथे थोडक्यातच. वाहतूकदार हंगामाआधी मुकादमाला लाखांनी उचल देतो. टोळी आलीच नाही तर पैसे बुडतात. सांगली, कोल्हापूर, सोलापूर जिल्ह्यांत अशा फसवणुकीच्या फिर्यादी दरवर्षी दाखल होतात. बुडालेली उचल आणि तिच्यावरचे व्याज हाही मजूर मिळवण्याचाच खर्च आहे, पण तो वाहतूकदाराच्या कर्जखात्यावर पडतो. म्हणजे 366 हा आकडाही पूर्ण नाही.

स्वस्त दराचा मोह कसा महागात पडतो, तेही याच फडात दिसते. कसलेली टोळी ऊस जमिनीसरशी तोडते. नवखी टोळी बोटभर, वीतभर बुडखा ठेवून तोडते. उसात साखर सर्वात जास्त बुडख्यात असते. म्हणजे शेतकऱ्याचे वजन गेले, कारखान्याचा उतारा गेला आणि खोडवाही नीट फुटत नाही. मोळीत पाचट राहिले तर तेही गाळपात शिरते. तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळला नाही तर वजन आणि साखर दोन्ही उतरतात. मजुरीच्या रकान्यात अनुकूल दिसणारी तफावत अशी कच्च्या मालाच्या रकान्यात दामदुपटीने प्रतिकूल होऊन येते. हे दोन रकाने एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवले नाहीत, तर शेतकी खाते शाबासकी घेते आणि उत्पादन खात्याला कमी उताऱ्याबद्दल बोलणी बसतात.

ते टेबल मांडले का जात नाही? एक कारण हिशेबाच्या रचनेतच आहे. काटेकोर कॉस्ट अकाउंटंट सांगेल की तोडणी ही साखर कारखान्याची प्रत्यक्ष मजुरी नव्हे, ती कच्च्या मालाच्या किमतीचा भाग आहे. नियमाने तो बरोबर आहे. पण त्यामुळे कारखान्यातल्या पॅन विभागाच्या ओव्हरटाइमची चिरफाड होते आणि हजारो माणसे सहा महिने राबून केलेले काम ‘ऊस खरेदी’ या मथळ्याखाली गुमान निघून जाते. दुसरे कारण कायद्याचे. परिव्यय नोंदी आणि त्यांच्या तपासणीच्या 2014 च्या केंद्रीय नियमांत साखर उद्योगाचा समावेश आहे, पण ते नियम कंपन्यांना लागू होतात. सहकार कायद्याखाली नोंदलेले कारखाने कंपन्या नाहीत. म्हणजे याच दोन जिल्ह्यांत खासगी कारखान्यावर जे बंधन असू शकते, ते सभासदांच्या मालकीच्या कारखान्यावर नाही. मालक हजारोंनी असलेल्या संस्थेत हिशेबाची फोड जास्त व्हायला हवी, इथे उलटे झाले आहे.

कारखान्यांचे म्हणणेही ऐकायला हवे. प्रत्येक फडाची अवघडपणाची प्रत ठरवायला बसले तर हंगाम संपेल, कारखान्याचा चिटबॉय आणि टोळी मिळून सगळाच ऊस ‘लोळलेला’ ठरवतील, अशी त्यांची भीती. भीती खोटी नाही. पण कारखान्यांकडे माहितीचा दुष्काळ आहे, असेही नाही. गट नंबर, उसाची जात, लागणीची तारीख, टोळीचा कोड, वाहनाचा क्रमांक, यार्डात आल्याची आणि काटा झाल्याची वेळ, हे सगळे बहुतेक ठिकाणी संगणकात असते. वजनाचा मेसेज शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतो. एकाच शिवारात, एकाच आठवड्यात दहा टोळ्यांनी कोयत्यामागे किती टन तोडले हे काढले, तर कोणता फड खरोखर अवघड होता आणि कुठे नुसता कांगावा, हे कळायला वेळ लागणार नाही. प्रमाण हे असेच ठरते, मोजून.

यंत्र आले की प्रश्नच मिटेल, असा एक सूर असतो. राज्य सरकारने 2023 मध्ये हार्वेस्टरच्या खरेदीला किमतीच्या 40 टक्के किंवा 35 लाख रुपये, यांपैकी कमी असेल तेवढे अनुदान देऊ केले. ब्राझीलच्या साओ पाउलो राज्यात फड जाळणे थांबवण्याच्या 2007 च्या करारानंतर काही वर्षांतच बहुतेक तोडणी यंत्राने होऊ लागली. पण तिथले मैलोगणती सपाट फड आणि वाळव्यातला वीस गुंठ्यांचा तुकडा यांत फरक आहे. अरुंद सरी, बांध, ओली जमीन यांत यंत्र अडते. पाचटाची वजावट किती टक्के धरायची, यावर शेतकरी आणि कारखाने आतापासूनच भांडत आहेत. शिवाय यंत्राचीही कार्यक्षमतेची तफावत असतेच. तासाला किती टन, डिझेल किती, उभे किती तास, हे मोजावे लागेलच.

जानेवारी 2024 चा करार तीन हंगामांचा होता, म्हणजे 2025-26 च्या गाळपाबरोबर त्याची मुदत संपते. पुढच्या वेळी पुन्हा टक्केवारीवरच घासाघीस झाली, तर पुन्हा फक्त दराची तफावत वाढेल आणि खुशाली होती तिथेच राहील. लोळलेल्या आणि पूरबाधित उसाला टनामागे ठरावीक जादा दर, कारखान्याच्या खोळंब्याला ठरावीक भरपाई आणि ही दोन्ही देयके पावतीवर, असा मसुदा या वेळी संघटनांनी आणि कारखान्यांनी समोर ठेवावा. शेतकऱ्याच्या बिलात टनाला वीस-पंचवीस रुपये वाढले, तरी त्याच्या खिशातून आज जे रोख जातात त्यापेक्षा ते कमीच भरण्याची शक्यता आहे, आणि कशाचे भरले हे त्याला वाचता येईल. तोडणी आणि वाहतूक सगळ्यांकडून सरासरीने एकत्र कापण्याची पद्धतही त्याच वेळी मोडता येईल. गव्हाणीशेजारच्या शेतकऱ्याने ऐंशी किलोमीटरवरच्या उसाचे भाडे का भरावे, हा प्रश्न तोडणीच्या आड लपवून ठेवण्याचे कारण नाही.

पहिल्या वर्षी एखाद्या कारखान्याने हे पूरपट्ट्यातल्या एकाच गट ऑफिसपुरते करून पाहिले तरी चालेल. काट्याच्या पावतीवर त्यासाठी दोन रकाने वाढवावे लागतील. ऊस उभा होता की लोळलेला, आणि टोळी वाहनासाठी किती तास थांबली.